जनरलच्या तिकिटावर नाव नसतं

मंडळी, यावेळचा विकांत चक्क कायद्याच्या पुस्तकांत गेला. मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे खाली कुठे चुकलो असेन तर जाणकारांनी हक्काने कान पकडावा. पण प्रश्नच असा समोर आला की सोडवेना.

त्याचं असं झालं. मागच्या महिन्यात अमडापूरला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बुलडाणा जिल्हा, चिखली तालुका, चिखलीहून खामगावला जाताना मधे लागतं ते आमचं गाव. गावात रेल्वे नाही. जवळची म्हणायची तर खामगावची, म्हणजे जलंबहून निघालेला छोटासा फाटा, नाहीतर मग मेन लाइनवरचं शेगाव किंवा मलकापूर. खामगाव-जालना रेल्वे होणार हे मी लहानपणापासून ऐकतोय, माझे वडीलही लहानपणापासून ऐकत होते आणि मागणी ब्रिटिशांच्या काळातली आहे म्हणे. हे लिहीपर्यंत तरी रूळ पडलेले नाहीत.

तर एस्टी स्टँडवर चहा पिताना पुन्हा हाच विषय निघाला. मी उत्साहाने सर्वेक्षण वगैरे सांगत होतो. माझे एक चुलत काका शांतपणे ऐकत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "रेल्वे येईन तवा येईन बाबू. पोरं तं आताच जाऊन राह्यले ना पुण्या-मुंबईले, जनरलच्या डब्यात लटकून. त्यातला एखादा पडला तं त्याले काय भेटते, अन् कोन देते, थे सांग. तू तं शिकेल हायेस."

मला काहीच सांगता आलं नाही. "सरकार काहीतरी देत असेल काका, बघून सांगतो," असं म्हणून वेळ मारून नेली. आता हा लेख म्हणजे ते बघून सांगणं.

पुण्यात परत आलो आणि सवयीप्रमाणे आधी इंग्रजीत शोधलं. रेल्वे, दुखापत, खटला असे शब्द टाकले की अमेरिकेतला एक खटला फार वर येतो. १९३४ सालची २७ जुलैची पहाट, पेनसिल्व्हेनियातलं ह्यूजटाउन. हॅरी टॉम्पकिन्स नावाचा माणूस रुळांलगतच्या पायवाटेने घरी चालला होता. एरी रेलरोड कंपनीची मालगाडी शेजारून गेली, तिच्यातून बाहेर आलेलं काहीतरी, बहुधा उघडं दार, त्याला लागलं आणि तो पडला. उजवा हात गेला.

आता गंमत बघा. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यानुसार रुळाला समांतर वाटेने चालणारा माणूस म्हणजे घुसखोर, त्याच्या बाबतीत कंपनीवर फारशी जबाबदारी नाही. पण कंपनी न्यूयॉर्कची असल्यामुळे त्याला केंद्रीय, म्हणजे फेडरल कोर्टात जाता येत होतं आणि तिथले न्यायाधीश राज्याचा कायदा बाजूला ठेवून आपलं 'सर्वसाधारण' तत्त्व लावत असत. त्याच्या वकिलांनी न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला. ज्यूरीने ३०,००० डॉलर दिले, वरच्या कोर्टाने ते कायम केले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २५ एप्रिल १९३८ ला न्या. ब्रँडाइस यांनी निकाल दिला की फेडरल कोर्टांना असा स्वतःचा वेगळा कायदा करायचा अधिकारच नाही, राज्याचाच कायदा लागेल. राज्याच्या कायद्याने टॉम्पकिन्स घुसखोर. हातात पडलं शून्य.

तिकडे कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा खटला पहिल्याच वर्षी वाचावा लागतो. राज्य आणि केंद्र यांच्या अधिकारांवर त्याच्यावरून ढिगाने पुस्तकं झाली. खटला अजरामर झाला, ज्याचा हात गेला त्याला मात्र छदाम मिळाला नाही. चूक कोणाची हे ठरायच्या आधी 'तू तिथे असायला हवा होतास का?' हा प्रश्न आला आणि त्यातच तो संपला. हा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुढे आपल्याकडेही भेटणार आहे.

रेल्वेच्या आधी काय होतं? इंग्लंडमध्ये एक मध्ययुगीन प्रथा होती, डिओडँड नावाची. म्हणजे 'देवाला द्यायची वस्तू'. ज्या वस्तूने माणूस मेला ती वस्तू, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा करायची. बैलाने मारलं तर बैल, गाडीखाली आला तर गाडी. दोष वस्तूचा! मेलेल्याच्या घरच्यांना यातून हक्काने काही मिळत नसे. आणि दाव्याचं म्हणाल तर १८०८ सालचा एक निकाल प्रसिद्ध आहे. घोड्यांची प्रवासी गाडी उलटली, एका माणसाची बायको जखमी झाली आणि महिनाभराने वारली. कोर्ट म्हणालं, तिच्या मृत्यूपर्यंतच्या काळाची भरपाई घे, त्यापुढची नाही, कारण माणसाचं मरण ही दिवाणी कोर्टात सांगायची तक्रारच नव्हे. थोडक्यात, जखमी करण्यापेक्षा ठार करणं गाडीवाल्याला स्वस्त.

बैलगाडीच्या जमान्यात हे चाललं. मग आली आगगाडी. २४ डिसेंबर १८४१ ला इंग्लंडमध्ये सॉनिंग इथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी दरड पडलेल्या मातीत घुसली. थर्ड क्लासचे प्रवासी बुटक्या कडांच्या उघड्या डब्यांत, इंजिनाच्या मागेच आणि त्यांच्यामागे मालाच्या वाघिणी. मागच्या वजनाने मधले चिरडले. जागीच आठ जण गेले. बरेचसे लंडनला संसद भवनाच्या बांधकामावरचे पाथरवट, नाताळसाठी घरी निघालेले. चौकशीच्या ज्यूरीने इंजिनावर आणि डब्यांवर तब्बल १००० पौंडांचा डिओडँड ठोठावला. रेल्वे कंपन्या हादरल्या. शेवटी १८४६ मध्ये संसदेने एकाच वर्षी दोन गोष्टी केल्या: डिओडँड रद्द केला आणि मृताच्या कुटुंबाला दावा लावायचा हक्क देणारा कायदा केला. पण अट घातली की समोरच्याचा हलगर्जीपणा सिद्ध करा.

सॉनिंगमधली एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवतो. मेले ते थर्ड क्लासवाले. उघड्या डब्यातले. फर्स्ट क्लासचा प्रश्नच आला नाही.

आता आपल्याकडे येऊ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली हे शाळेत घोकलंय सगळ्यांनी. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, इंग्लंडच्या त्या कायद्याची भारतीय आवृत्ती आली, तेरावा कायदा. तो फक्त रेल्वेसाठी नव्हता, पण अटी त्याच. बायको, नवरा, आई-बाप, मुलं यांच्यासाठी दावा लावता येईल, मात्र चूक दाखवायची जबाबदारी दाव्यावाल्यावर.

पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजेच जीआयपी रेल्वे, वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे मँचेस्टरला आपल्या कापसाची गरज पडली होती. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला, तोही कापसासाठीच. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावात आले होते. या कंपनीच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिलेली होती, तोटा आला तर भरणार इथला करदाता. भांडवलाला हमी होती, प्रवाशाच्या हातापायांना नव्हती. चालत्या गाडीतून पडलेल्या शेतमजुराने कंपनीचा हलगर्जीपणा सिद्ध करायचा म्हणजे काय? गार्ड कंपनीचा, ड्रायव्हर कंपनीचा, वेळापत्रकाची वही कंपनीची. साक्षीदार म्हणाल तर पुढच्या स्टेशनात उतरून आपापल्या गावी गेलेले.

१९२५ मध्ये सरकारने जीआयपी आपल्या ताब्यात घेतली, १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली. आता प्रतिवादी बदलला. 'रेल्वे' ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती नाही, दावा लावायचा तो भारत सरकारवर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये स्पष्टच केलं. त्यामुळे आजही या प्रकरणांच्या कागदावर एका बाजूला एखाद्या खेड्यातल्या विधवेचं नाव असतं आणि दुसऱ्या बाजूला 'युनियन ऑफ इंडिया'. अमेरिकेतल्या फेडरल कोर्टाच्या कल्पनेची आपल्याकडची जवळची वस्तू हीच.

दरम्यान एक मोठी गोष्ट घडली होती, ऐन महायुद्धात. १८९० च्या रेल्वे कायद्यात १९४३ साली कलम ८२-अ घातलं गेलं. गाड्यांची टक्कर झाली किंवा गाडी रुळावरून घसरली, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यायची. कमाल मर्यादा १०,००० रुपये. शंभर वर्षांत पहिल्यांदा 'चूक कोणाची?' हा प्रश्न कायद्याने बाजूला ठेवला. पण फक्त गाडीच्या अपघातासाठी. गाडी धड आहे आणि माणूस एकटाच पडला, तर तो जुन्याच रांगेत.

ती रांग मोडली १९९४ ला. त्याआधी १९८७ च्या कायद्याने रेल्वे दावा न्यायाधिकरण स्थापन झालं होतं (लोक ट्रिब्यूनलच म्हणतात), ते १९८९ मध्ये कामाला लागलं आणि नवा रेल्वे कायदाही १९८९ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम १२४-अ आलं आणि 'अनुचित घटना' हा सरकारी शब्द. दरोडा, दंगल, गोळीबार, अतिरेकी हल्ला हे सगळं त्यात आहे. ११ जुलै २००६ चे मुंबई लोकलमधले सात स्फोट याच व्याख्येत बसतात. आणि त्याच यादीच्या शेवटी साधे शब्द आहेत, प्रवाशाचं गाडीतून अपघाताने खाली पडणं. बस्स. चूक कोणाची हे विचारायचं नाही. अपवाद पाचच: आत्महत्या, स्वतःला करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा किंवा वेड आणि नैसर्गिक आजार. प्लॅटफॉर्म तिकीटवालाही यात प्रवासी धरलाय, हे मला नवीनच कळलं.

आता आमच्या धंद्यातली उपमा देतो. ऑनलाइन फॉर्म भरताना एखादं बटण आधीच निवडलेलं असतं ना, डिफॉल्ट? बहुतेक लोक ते बदलत नाहीत, म्हणून ते काय ठेवायचं यावर आमच्याकडे मीटिंगा होतात. कायद्यातही तसंच. पुरावा कोणी द्यायचा, हे म्हणजे डिफॉल्ट. पुरावा नसेल तेव्हा कोण हरणार, ते त्यावर ठरतं. आणि रुळावर पडलेल्या माणसाच्या प्रकरणात पुरावा बहुतेक वेळा नसतोच. १८५५ ते १९९४ डिफॉल्ट होतं 'रेल्वे निर्दोष'. १९९४ नंतर ते उलटलं, निदान कागदावर.

प्रत्यक्षात उलटवायला कोर्टांना पुढची पंचवीस वर्षं लागली. चालत्या गाडीत चढताना पडला तर तो 'गाडीतून पडला' का? रेल्वे म्हणे नाही. केरळातल्या एका प्रकरणात २००८ मध्ये न्या. मार्कंडेय काटजूंनी रेल्वेचं अपील फेटाळलं आणि म्हटलं की हा कल्याणकारी कायदा आहे, दोन अर्थ निघत असतील तर पीडिताच्या बाजूचा घ्यायचा. उघड्या दारात उभा होता, म्हणजे स्वतःच्या कर्माने पडला, असं म्हणता येईल का? २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तो निष्काळजी असेल, पण निष्काळजीपणा त्या पाच अपवादांत नाही.

मुंबईच्या वाचकांना हे नीट कळेल. दारात उभं राहणं ही हौस नसते, आत जागा नसते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारांत लटकलेले लोक एकमेकांवर घासून पडले, त्याच दिवशी चार जण गेले. नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवायची घोषणा त्यानंतर झाली. मुंबई उपनगरी मार्गावर २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी दोन हजारांच्या वर मृत्यू झाले. त्यातले बरेच रूळ ओलांडताना गेलेले, आणि रूळ ओलांडणारा म्हणजे घुसखोर, त्याला १२४-अ लागू नाही. टॉम्पकिन्स आठवला?

आणि आता तिकीट. हा या लेखाचा खरा मुद्दा.

चूक विचारायचं थांबलं, पण 'तू अधिकृत प्रवासी होतास का?' हे विचारणं राहिलं. रुळाशेजारी मृतदेह सापडतो. स्टेशन मास्तरांचा मेमो निघतो, पंचनामा होतो. खिशात तिकीट सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर? कपडे फाटलेले असतात, दवाखान्यात ते कापून टाकतात, पाकीट कोणीतरी आधीच लांबवलेलं असतं. मग फाइलवर शेरा पडतो, 'तिकीट आढळले नाही'. वर्षानुवर्षं असे दावे या एका शेऱ्यावर आपटत राहिले.

२०१८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर एक रेघ ओढली. नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून माणूस विनातिकीट ठरत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर हकीगत सांगावी, की तो कुठून निघाला, कुठे चालला होता, तिकीट कोणी काढलं. एवढं झालं की उलट सिद्ध करायची जबाबदारी रेल्वेवर. मात्र नुसता मृतदेह रुळावर सापडला म्हणजे तो प्रवासीच, असंही नाही. समतोल निकाल आहे.

पण माझ्यातला इंजिनिअर इथे अडकला. आपण एसीचं, स्लीपरचं तिकीट काढतो, त्यावर नाव, वय, सीट, पीएनआर. ते हरवलं तरी रेल्वेच्या सर्व्हरवर माझी साक्ष कायम आहे. जनरलचं छापील तिकीट बघा: कुठून, कुठे, किती जण, भाडं, वेळ. नाव नाही. रेल्वेच्या कम्प्युटरला तिकीट विकल्याचं माहीत असतं, कोणाला विकलं ते नसतं. आणि पडतं कोण? एसीच्या बंद दाराआडून सहसा कोणी पडत नाही. म्हणजे पडण्याची शक्यता ज्याची सगळ्यात जास्त, त्याच्याच तिकिटाला साक्ष देता येत नाही. १८४१ ला थर्ड क्लासवाला इंजिनामागच्या उघड्या डब्यात होता, आज त्याचा वारस निनावी तिकीट घेऊन दारात उभा आहे. मोबाईलवर जनरलचं तिकीट काढायची सोय २०१४ पासून मुंबईत आणि मग सगळीकडे आली, त्यात निदान मोबाईल नंबर नोंदला जातो. बहुतेकांच्या ते ध्यानीमनीही नसतं. रांग वाचते म्हणून आपण ते वापरतो, पण त्याचा खरा उपयोग कदाचित हाच असावा.

रक्कम किती? मृत्यू झाला तर १९९० मध्ये २ लाख, १९९७ पासून ४ लाख, १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख. दोन्ही हात गेले तरी ८ लाख. एक अंगठा गेला तर २ लाख ४० हजार. माणसाच्या अवयवांचं दरपत्रक वाचताना पोटात कसंतरी होतं. अमेरिकेत प्रवासी गाड्या चालवणारी अ‍ॅमट्रॅक आहे, तिथे चूक सिद्ध करावी लागते, पण केली तर एकेकाला लाखो डॉलर मिळू शकतात. मर्यादा आहे ती पूर्ण अपघाताला मिळून: १९९७ च्या कायद्याने २० कोटी डॉलर, २०१५ च्या फिलाडेल्फिया अपघातानंतर ती वाढवून २९.५ कोटी केली गेली होती. आपल्याकडे चूक सिद्ध करायची नाही, पण आयटीवाला असो की सालदार, जिवाचा भाव सारखाच आठ लाख. यातलं जास्त न्याय्य काय, यावर माझं अजून मत होत नाहीये. एका परीने समान आहे आणि एका परीने फारच कमी. तुम्हाला काय वाटतं?

असो. रविवारी संध्याकाळी काकांना फोन लावला. हे सगळं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं: "काका, पडला तर सरकारला द्यावं लागतं, चूक कोणाची ते विचारत नाहीत. अर्ज नागपूरच्या रेल्वे ट्रिब्यूनलमध्ये, वर्षाच्या आत. पोरांना सांगा, तिकीट काढलं की त्याचा मोबाईलवर फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. मग गाडीत चढायचं."

काका जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नागपूर तं तीनशे किलोमीटर हाये बाबू."

"हो काका."

"म्हंजे तिथं जाले बी रेल्वेच पकडा लागन."

मी हसलो. ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. धाकट्या चुलत भावाचं शेगाव ते कल्याण जनरलचं तिकीट, आणि त्याखाली त्याच्या नावाची चिठ्ठी धरलेला काकांचा अंगठा.